‘रेड हँडेड’ हा शब्द लाचेच्या सापळ्यातून आलेला नाही

कोणी तलाठी किंवा अभियंता लाच घेताना सापडल्याची बातमी आली की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरायला लागतो. लाचखोरांना पकडण्यासाठी इंग्रजांनी नोटांना फिनॉल्फ्थॅलिन नावाची पावडर लावायला सुरुवात केली, नोट घेताच हात लाल व्हायचे, म्हणून इंग्रजीत ‘रेड हँडेड’ आणि आपल्याकडे ‘रंगेहाथ’ हे शब्द आले, असं त्यात म्हटलेलं असतं. शेवटी जोड असते: हात लाल झाला की गुन्हा शाबीत. शिकलेली माणसंही हे बिनदिक्कत पुढे ढकलतात. यातला उगमाचा भाग खोटा आहे आणि शेवटची ओळ तर घातक आहे.

आधी सनावळी पाहू. फिनॉल्फ्थॅलिन पहिल्यांदा तयार केलं ते आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, 1871 साली. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ ही कादंबरी मात्र 1819 च्या अखेरीस आली. तिच्यात एक पात्र सांगतं की गुन्हा करताना ‘रेड हँडेड’ सापडलेल्या एकाला रानटी हरणाच्या शिंगांना बांधलं. म्हणजे पावडरीच्या पन्नास वर्षं आधी हा शब्द छापून वाचकांच्या हातात पडला होता. इथेच खरं तर विषय संपतो.

पण शब्दाचा खरा इतिहास त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी रंजक आहे. स्कॉट पेशाने वकील होता आणि 1799 पासून स्कॉटलंडमधल्या सेलकर्कशायरचा शेरीफ, म्हणजे तिथला स्थानिक न्यायाधीश होता. स्कॉटिश कायद्यात ‘रेड हँड’ ही संज्ञा 15व्या शतकात, पहिल्या जेम्स राजाच्या काळापासून सापडते. खून करून हाताचं रक्त वाळायच्या आत धरला गेलेला, असा तिचा अर्थ. ती नुसती शब्दांची सजावट नव्हती, तिच्यावर अधिकाराचा प्रश्न अवलंबून होता. खुनी असा धरला गेला तर शेरीफ त्याच्यावर लगोलग खटला चालवू शके. जॉर्ज मॅकेन्झी हा 17व्या शतकातला कायदेपंडित बजावून सांगतो की तो तसा सापडला नसेल तर शेरीफला कारवाई करता येणार नाही. शेरीफच्याच खुर्चीत बसणाऱ्या स्कॉटला हा शब्द कुठून मिळाला असेल, हे वेगळं सांगायला नको.

याच मजकुराची आयर्लंडवाली आवृत्तीही फिरते: होड्यांच्या शर्यतीत एकाने स्वतःचा हात तोडून किनाऱ्यावर फेकला आणि अल्स्टरचं, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागाचं राज्य जिंकलं. अल्स्टरच्या चिन्हातला लाल हात खरा आहे, दंतकथाही जुनी आहे. पण त्या गोष्टीत गुन्हा करताना पकडलं कोण जातं? कोणीच नाही.

आता हात लाल होण्याबद्दल. ही पावडर पांढरी असते आणि नोटेवर दिसत नाही. नुसत्या स्पर्शाने हातावर कसलाही रंग उमटत नाही. सापळ्याआधी पंचांसमोर प्रात्यक्षिक होतं. ग्लासात सोडियम कार्बोनेटचं द्रावण करतात, ते पाण्यासारखंच दिसतं. पावडर लागलेली बोटं त्यात बुडवली की द्रावण झर्रकन गुलाबी होतं. रंग चढतो तो द्रावणाला, तोही गुलाबी. सापळा यशस्वी झाला की संशयिताचे दोन्ही हात वेगवेगळ्या ग्लासात धुतात, ते पाणी बाटल्यांत सीलबंद करून पंचांच्या सह्या घेतात आणि प्रयोगशाळेकडे पाठवतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी खटल्यांत तर अँथ्रासिन पावडर वापरलेली दिसते. तिला धुवायचीही गरज नसते, अतिनील दिव्याखाली हात धरला की निळसर चमक दिसते. लाल रंगाचा तिथे संबंधच नाही.

‘रंगेहाथ’मधला ‘हाथ’ हिंदीतून आलेला आहे, आणि आपण तो शब्द घरफोड्यासाठी, जुगाऱ्यासाठी, कॉपी करणाऱ्या पोरासाठीही वापरतो. तिथे कुठली पावडर?

सगळ्यात नुकसान करते ती शेवटची ओळ. हात धुतल्यावर पाणी गुलाबी झालं, एवढ्यावर लाच सिद्ध होत नाही. त्यातून इतकंच कळतं की त्या हाताने त्या नोटांना स्पर्श केला. टेबलावर जबरदस्तीने ठेवलेलं पाकीट बाजूला सारणाऱ्याचे हातही गुलाबी पाणी देतील. बी. जयराज खटल्यात 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मागणी सिद्ध झाल्याशिवाय केवळ नोटा सापडल्याने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 7 खालचा गुन्हा शाबीत होत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नीरज दत्ता प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मागणी आणि स्वीकार या दोन्ही गोष्टी अनिवार्य ठरवल्या. तक्रारदार हयात नसला किंवा उलटला तरी मागणी परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध करता येते, पण सिद्ध करावीच लागते.

तक्रार करायला निघालेल्या माणसाने हे जरूर ध्यानात ठेवावं. ‘पावडर आहे ना, मग झालं’ या भरवशावर साहेब नेमके काय बोलले, कोणत्या कामासाठी किती मागितले, हे सांगण्यात तो ढिला पडला तर खटला तिथेच कमजोर होतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा लावण्याआधी पंचासमक्ष, व्हॉइस रेकॉर्डर देऊन मागणीची पडताळणी करून घेतो, तो याचसाठी.