खुलासा : लास व्हेगासचं लाउंज संगीत कोरोनाने संपवलेलं नाही

‘कोरोनाच्या टाळेबंदीने लास व्हेगासमधलं लाउंज संगीत संपवलं’ हा फिरणारा दावा चुकीचा आहे. लाउंज संगीत म्हणजे तिथल्या कॅसिनोंच्या (जुगारगृहांच्या) बारमध्ये, छोट्या मंचावर होणारं प्रत्यक्ष गाणं-वाजवणं. टाळेबंदीत वादकांचे हाल झाले हे खरंच. पण ही घसरण कित्येक दशकं आधी सुरू झाली होती.

1954 साली लुई प्रिमा आणि कीली स्मिथ ही गायक जोडी लास व्हेगासच्या सहारा हॉटेलच्या कॅसबार लाउंजमध्ये गाऊ लागले. कार्यक्रम मध्यरात्री सुरू व्हायचे ते पार पहाटेपर्यंत. एका पेयाच्या पैशात इतकं अस्सल गाणं! अर्थात, रसिकांना जुगाराच्या टेबलांजवळ थांबवून ठेवणं हाच मालकांचा हिशेब होता, त्यामुळे लाउंजने वेगळा नफा कमावला नाही तरी चालायचं.

1969 च्या कायद्याने नेवाडात, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तिथे, मोठ्या कंपन्यांना कॅसिनो चालवणं सोपं झालं आणि प्रत्येक विभागाकडून नफ्याची अपेक्षा होऊ लागली. मग लाउंजच्या जागेत जुगाराची यंत्रं आली. 1989 मध्ये तर, मोठ्या शोंमध्ये वाद्यवृंदाऐवजी ध्वनिफीत वाजवण्याविरुद्ध वादकांना संप करावा लागला. तो सात महिन्यांहून अधिक चालला.

आणि ‘संपलं’ हा शब्दही खोटाच. काही लाउंजमध्ये आजही माणसंच वाजवतात, त्यांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहू नका.