प्रादा, पायताण आणि आमची घासाघीस

परवा पुण्याची पाहुणेमंडळी आली होती म्हणून कोल्हापुरातल्या चप्पल लाइनीत गेलो. दुकानदार एका जोडाचे अठराशे म्हणाला, वहिनी म्हणाल्या आठशेला द्या, आणि मीही लगेच मध्ये पडलो की अहो आम्ही इथलेच आहोत, जरा बघा की. शेवटी बाराशेला घेतला आणि बाहेर येऊन आम्ही सगळे लय खूश. गाडीत बसल्यावर आठवलं की 2025 च्या जूनमध्ये प्रादा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये आपलं पायताण मॉडेलच्या पायात घातलं आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा फेसबुकवर सगळ्यात मोठ्या आवाजात बोंबलणारा मीच होतो. कारागिराची चोरी, अस्मिता, वगैरे वगैरे. ती पोस्ट अजून आहे, 214 लाइक.

चूक प्रादाची होतीच, त्यात वाद नाही. नंतर त्यांनीही महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापाऱ्यांच्या संघटनेला पत्र लिहून कबूल केलं की डिझाइनमागे भारतातल्या पारंपरिक चपला आहेत, माणसं पाठवली, ती इथं येऊन कारागिरांना भेटून गेली. पण आपण ज्या जीआय टॅगच्या, म्हणजे एखाद्या भागातल्या मालाचं नाव राखून ठेवणाऱ्या सरकारी नोंदीच्या, नावाने ओरडत होतो तो जीआय नावाला मिळतो हो, आकाराला नाही. 'कोल्हापुरी' न म्हणता तसलीच चप्पल कुणी विकली तर टॅग काय करणार? हायकोर्टात जनहित याचिका गेली, तीही फेटाळली, कारण ज्यांच्या नावावर टॅग आहे ते कोर्टात आलेच नव्हते. आणि टॅग 2019 चा, महाराष्ट्र-कर्नाटक दोघांचा मिळून: आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं भांडतोय आपण, आणि चपलेने गुपचूप सीमा ओलांडून अथणी-निपाणीत कधीच संसार थाटलाय 😄

खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या ओळखीचे एक काका आहेत इथल्या सुभाषनगरात, चपला बनवतात, वडिलांपासूनचा धंदा. रापीने कातडं कापताना बघत बसावं असा हात, रेघ न मारता तळाचा गोल बरोबर येतो. शिवणसुद्धा कातड्याच्याच वादीची, खिळा नाही. त्यांचं म्हणणं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं आता मिळायचीच मारामार. 2015 ला बैलांनाही हत्याबंदी लागली, तो माल गेला. म्हशीला बंदी नाही, पण रस्त्यात गाडी अडवणारा कागद कुठे वाचतो, आधी गाडी अडवतो, मग काय ते बघू. त्यात पोरगं कंपनीत लागलंय, ते आरीला हात लावत नाही, आणि का लावावा? एका जोडाची मजुरी किती पडते ते काकांनी सांगितलं, इथं लिहीत नाही, आमच्या बाराशेच्या आनंदाची लाज वाटेल.

आणि या धंद्यात जात आहे, ती पण बोलली पाहिजे. चप्पल सगळ्यांची अस्मिता, आणि ज्याचे हात कातड्यात त्याच्या घरी पाणी प्यायला किती जण जातात? प्रादाविरुद्ध गळा काढणारे माझ्यासकट सगळे इथं गप्प.

2025 च्या डिसेंबरात प्रादाने लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकरशी, म्हणजे दोन्ही राज्यांच्या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी, करार केला. 2000 जोड इथंच बनवायचे, किंमत साधारण 800 युरो, शिवाय कारागिरांना ट्रेनिंग. काहीजण म्हणतात ही सारवासारव आहे. असेल. पण मला विचाराल तर नाव घेतलं-नाही घेतलं हे राहू दे, या 800 मधले किती सुभाषनगरात आणि अथणीत उतरणार तेवढं कुणीतरी कागदावर दाखवा. मंत्री फोटोला उभे राहिले तरी चालेल, माझं काही म्हणणं नाही.

कराराची बातमी वाचली त्या दिवशी काकांकडे गेलो होतो. मोबाईलवर 800 युरोचे रुपये किती होतात तो हिशोब करून दाखवला, ऐंशी हजाराच्या वर जातंय म्हटलं. त्यांनी चष्मा वर करून स्क्रीन बघितली, हातातला तळ मांडीवर ठेवला आणि विचारलं,

"जोडाचं व्हय, का एका पायाचं?"