लडाखचे ‘पिढीजात वैर’ : एका दाव्याचा प्रतिवाद

लडाखविषयीचा एक संदेश सध्या पुष्कळ फिरतो आहे. बौद्ध आणि मुसलमान हे तिथले पिढीजात वैरी आहेत, १९८९ चा संघर्ष हा त्याचा पुरावा आहे आणि कारगिलमधले अल्पसंख्य बौद्ध जीव मुठीत धरून राहतात, असे त्याचे म्हणणे आहे.

‘पिढीजात’ हा शब्द इतिहासापुढे टिकत नाही. लेहच्या नऊमजली राजवाड्याशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो बौद्ध राजा सेंग्गे नामग्याल हा ग्याल खातून या बाल्टिस्तानातल्या मुसलमान राजकन्येचा मुलगा, आणि त्याच राजवाड्याच्या पायथ्याशी असलेली जामा मशीदही नामग्याल राजवटीतच, सतराव्या शतकात उभी राहिली.

१९८९ चा उल्लेख मात्र मला सर्वांत जास्त खटकतो, कारण तो अर्धाच सांगितला जातो. त्या वर्षी पोलिसांच्या गोळीबारात बौद्ध तरुण मारले गेले, हे खरे आहे. पण त्याच वर्षी लडाख बौद्ध संघटनेने मुसलमानांवर घातलेला सामाजिक बहिष्कार १९९२ पर्यंत चालला, आणि ज्या घराण्यांत दोन्ही धर्मांची माणसे होती तिथे सख्ख्या नात्यांतले जाणे-येणे आणि एका पंगतीला बसणेही बंद झाले. त्यामागे श्रीनगरच्या कारभाराविषयीचा राग आणि केंद्रशासित दर्जाची मागणी होती. वैर पिढ्यान्‌पिढ्यांचे असते, तर तोडायला अशी नाती मुळात उरलीच नसती.

आता कारगिल. २०११ च्या जनगणनेत, तेव्हा त्या जिल्ह्यात असलेले झांस्कर खोरे धरून, बौद्ध सुमारे १४ टक्के होते. श्रीनगर-लेह रस्त्यावरच्या मुलबेख गावात कड्यात कोरलेली मैत्रेयाची उंच मूर्ती आजही उभी आहे, आणि त्या परिसरात बौद्ध व मुसलमान शेजारी-शेजारी नांदतात. तक्रारी नाहीत असे नाही : कारगिल शहरातल्या गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) जागेचा प्रश्न कित्येक दशके रखडला, २०२२ मध्ये त्यासाठी पदयात्राही निघाली, आणि बौद्धांचे हे गाऱ्हाणे रास्त आहे असेच मला वाटते. पण जागेचा वाद म्हणजे जिवाची भीती नव्हे.

राज्याचा दर्जा आणि आदिवासी भागांना स्वायत्तता देणारी राज्यघटनेची सहावी अनुसूची यांसाठी लेह व कारगिल इथल्या संघटना गेली काही वर्षे एकत्र लढत आहेत. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये याच आंदोलनात चार जण गोळीबारात मारले गेले, तेव्हा दुसऱ्या दिवशी मुसलमानबहुल कारगिलने बंद पाळला.