तळं साफ केलं म्हणता, मग मोजलं कुणी?

गाळ काढला, कडेनं जाळी मारली, कारंजं बसवलं, फीत कापली, फोटो पडले, की आपल्या लेखी तळं स्वच्छ. साताऱ्यात तळ्यांना तोटा नाही, मोती तळं आहे, मंगळवार तळं आहे, आणि प्रत्येकाबद्दल तासभर बोलणारी माणसं पेठेपेठेत भेटतील. पण गेल्या पाच वर्षांत त्या पाण्यात ऑक्सिजन किती होता एवढं विचारा, सगळे चिडीचूप. तळं सुधारतंय का नाही हे नुसतं बघून कळत नाही आणि एका रिपोर्टनं तर अजिबातच कळत नाही, माझं भांडण एवढ्यासाठीच आहे.

रिपोर्टची गंमत सांगतो. सॅम्पल घेणारा येणार दुपारी, जेवणबिवण उरकून, पायरीवरून बाटली बुडवणार आणि निघणार. आता शेवाळानं हिरवं झालेलं पाणी उन्हात स्वतःच ऑक्सिजन बनवत असतं, त्यामुळं दुपारी आकडा येतो झकास, लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वरसुद्धा जातो, आणि अंघोळीच्या पाण्याचा निकष आहे किमान 5 चा, म्हणजे आपण डिस्टिंक्शनमध्ये पास! रात्री मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे काहीच उरत नाही. उन्हाळ्यात कधी उजाडायच्या आत काठावर जाऊन बघा, तिलापिया तोंडं वर काढून नुसत्या हवेला हपापलेल्या असतात, दोनचार उताण्या पडलेल्या, आणि आठ वाजेपर्यंत गावभर बातमी की कुणीतरी विष टाकलं. अहो, शुगरसुद्धा उपाशीपोटी आणि जेवून अशी दोनदा बघतात.

बरं, नाला वळवला, सांडपाणी बंद केलं, तरी पुढं कितीतरी उन्हाळे पाणी हिरवं होतच राहतं आणि मग सगळे म्हणतात पैसे पाण्यात गेले. गेलेले नसतात. वर्षानुवर्षं सांडपाण्यातनं, साबणातनं, निर्माल्यातनं आलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसलेला असतो, तळाशी ऑक्सिजन संपला की तो सुटतो आणि शेवाळाला परत पंगत. त्यात मूर्तींचं पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट, त्याचा अशा गाळात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू होतो. विसर्जनाच्या आधी, विसर्जनाच्या वेळी आणि नंतर पाणी तपासा असं केंद्रीय प्रदूषण मंडळानं लिहून दिलेलं आहे. पण बाकीचे दहाअकरा महिने?

अमेरिकेत सिएटलला लेक वॉशिंग्टन आहे. त्यात जाणारं सांडपाणी 1963 ते 1968 मध्ये टप्प्याटप्प्यानं वळवलं. एडमंडसन म्हणून एक प्राध्यापक ते पाणी त्याच्या आधीपासून मोजत होते आणि नंतरही कित्येक वर्षं मोजत राहिले. पाणी सुधारलं, पण 1976 मध्ये ते एकदम अजूनच नितळ झालं, आणि तेव्हा तर नवीन काहीच केलेलं नव्हतं! डाफ्निया नावाचे शेवाळ खाणारे बारीक जीव वाढले होते. उद्घाटनानंतर मोजणं थांबवलं असतं तर हे कुणाला कळलं असतं?

'बजेट नाही' हे ऐकून कान किटले. 1865 मध्ये सेक्की नावाच्या इटालियन पाद्र्यानं पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडली, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, दोरी जेवढी लांब तेवढं पाणी नितळ, झालं. आजही जगभर तेच वापरतात, फक्त थाळी 20 सेंटिमीटरची आणि तिच्यावर आलटूनपालटून काळेपांढरे चार भाग. स्टीलचं झाकण, ऑइलपेंट आणि दर 10 सेंटिमीटरला गाठ मारलेली सुतळी यात होतं काम. फॉस्फरसला लॅब लागते ते मान्य, पण दर महिन्याला एकाच जागी, एकाच वेळेला थाळी सोडायला कुठलं टेंडर लागतं?

तर कुणाकडं आपल्या तळ्यांचे जुने रिपोर्ट असतील, कुठल्याही वर्षाचे, तर इनबॉक्स करा, फक्त तारीख आणि सॅम्पलची वेळ दिसली पाहिजे. ज्याच्यावर वेळच लिहिलेली नाही तो पाठवू नका.