साडेतीन की पावणेचार?

मी आयुष्यात एकदाच कोर्टात 'तज्ज्ञ' म्हणून उभा राहिलो. तेही पाव गुंठ्यासाठी. दावा गेल्या वर्षी लोकअदालतीत मिटला, म्हणून आता लिहायला हरकत नाही. कोर्ट कुठलं, पक्षकार कोण, ते विचारू नका. बेळगाव-खानापूरकडची माणसं ओळखतीलच, त्यांनीही गप्प बसावं.

दोन चुलतघरं. १९३६ सालची वाटणीची यादी, सगळी जुन्या मोडी लिपीत. परड्याच्या एका तुकड्यापुढचा आकडा एका घराच्या मते ३॥ गुंठे, दुसऱ्याच्या मते ३॥।. नव्या पोरांसाठी सांगतो: आकड्यापुढं एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. म्हणजे सगळं भांडण एका रेघेचं. पाव गुंठा म्हणजे २७२ चौरस फूट, आणि जागा रस्त्याकडेची असली की तेवढ्यात दोन गाळे बसतात.

मोडी मला आज्जानं शिकवली. तो गावचं दप्तर सांभाळायचा. पावसानं कामं खोळंबली की मला समोर बसवून जुने कागद वाचून घ्यायचा, चुकलो की कान पिळायचा. पुढं मराठी शाळेत मास्तरकी केली, आणि कुणाच्या माळ्यावर मोडीचा कागद सापडला की तो माझ्याकडं यायला लागला. माझं भांडवल एवढंच.

उलटतपासात पहिलाच प्रश्न: मोडीची पदवी आहे? नाही. सर्टिफिकेट? नाही. मग तज्ज्ञ कसे? मी आज्जाचं सांगायला लागलो तर समोरचे वकीलसाहेब कन्नडमध्ये म्हणाले, "हौदो अल्लो, अष्ट हेळ्री." हो की नाही, तेवढं सांगा. कोर्टात हशा. मलाही हसू आलं, कारण कोर्टाबाहेर हा माणूस माझ्याशी मराठीतच बोलतो. त्याच्या दोन बहिणी माझ्या वर्गात होत्या.

मूळ कागद मी खिडकीजवळ नेऊन पाहिला होता. साक्षीत म्हणालो, "बहुधा साडेतीन. तिसरी रेघ बरोबर घडीवर आहे. बाकी दोन रेघांची शाई कागदात मुरलीय, हिची नाही. नुसता मळ धरल्यासारखं दिसतं." न्यायाधीशसाहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं, टाइप झालं. त्यात 'बहुधा' गळालं, घडीही गळाली. उरलं एवढंच, की साक्षीदाराच्या मते आकडा साडेतीन आहे. जबाब वाचून, समजून मग सही करायची असते. मी बसची वेळ बघून सही केली. ती चूक माझी.

समोरच्यांनी बाहेरगावचा हस्ताक्षरतज्ज्ञ आणला होता. बारा पानी अहवाल, मोठे केलेले फोटो, लाल बाण, गोल शिक्का. निष्कर्ष: निःसंशय तीन रेघा. हा सगळा खटाटोप झेरॉक्सवरून! झेरॉक्समध्ये घडीही काळी आणि रेघही काळी. गृहस्थांना मोडीचं अक्षर येत नव्हतं. तरी आमच्याच बाजूचे वकील मला म्हणाले, "मास्तर, तुम्हीही एकदोन फोटो जोडायला हवे होते."

हे मला खुपलं. माझी लेक धारवाडला वकिली करते. तिनं मला जुने निकाल काढून दिले. हिमाचलच्या सफरचंदांचा खटला तर आपल्या ऊसवाल्यांनीही वाचावा. १९८३ साली तिथं सफरचंदांवर स्कॅब नावाचा बुरशीरोग पडला, सरकारनं रोगट फळं विकत घेतली, आणि नंतर काही बागायतदारांवर आरोप आला की बागेत पिकलीच नसतील एवढी फळं तुम्ही घातली. पुरावा काय, तर फलोत्पादन अधिकाऱ्याचा अंदाज. १९९९ मध्ये जय लाल खटल्यात सुप्रीम कोर्टानं तो अंदाज तज्ज्ञाचा पुरावा म्हणून धरला नाही. माणसाकडं पदवी होती, खुर्ची होती. पण झाडावरून पीक किती निघेल हे काढण्याचा त्याचा खास अभ्यास कोर्टाला दिसला नाही. तज्ज्ञानं आपलं म्हणणं ताडून बघायची मापं न्यायाधीशाच्या हातात द्यायची, मग न्यायाधीश स्वतः ठरवणार, असं कोर्टानं सांगितलं.

त्याआधी १९८० चा मुरारीलाल खटला, हस्ताक्षराचाच. त्यात कोर्ट म्हणतं की तज्ज्ञ म्हणजे काही गुन्ह्यातला साथीदार नव्हे, दुसऱ्या पुराव्याची जोड मिळाल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचाच नाही असा नियम नाही. फक्त जपून, आणि कारणं तपासून. कारणं! माझी नेमकी तीच टाइप झाली नाहीत.

१ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, आला. जुन्या कायद्यात तज्ज्ञाचं कलम ४५ होतं, ते आता ३९ झालं, आणि विज्ञान, कला वगैरेंच्या यादीत 'इतर कोणतंही क्षेत्र' वाढलं. आता ४५ नंबरवर काय आहे? मत ज्या आधारावर दिलं ते आधारही पुराव्यात येतात, हे सांगणारं कलम. योगायोगच, पण मला आवडला.

पदवी विचारली याचा मला राग नाही. विचारायलाच हवी. पैसे देईल त्याच्या बाजूनं मोडी वाचणारे आपल्या भागात कमी नाहीत. जुन्या कागदाचं असं, की तो ३० वर्षांवरचा असेल आणि जिथं असायला हवा तिथूनच निघाला असेल, तर सही-अक्षर खरं मानायची मुभा कायदा कोर्टाला देतो. पण त्यात लिहिलंय काय, हे कुणीतरी वाचूनच सांगावं लागतं, आणि ते वाचणं तपासणार कोण? वकीलसाहेबांनी माझ्यासमोर दुसराच एखादा मोडी कागद टाकून "वाचा" म्हटलं असतं, तर मला खरा घाम फुटला असता. नव्या हाताचं अक्षर पहिल्या झटक्यात लागत नाही. शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ एकच. ती परीक्षा झाली असती. सर्टिफिकेटाचा प्रश्न काय, मिनिटात संपतो.

ठाम बोलणाऱ्याचं आपल्याला भारी वाटतं. टीव्हीवर कुणी 'नार्को करा' म्हटलं की कट्ट्यावर माना डोलतात. आपल्याच कर्नाटकातून गेलेल्या सेल्वी खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१० सालीच सांगितलंय, की माणसाच्या मर्जीविरुद्ध ती चाचणी करता येत नाही, आणि मर्जीनं केली तरी त्यातलं बोलणं तसंच्या तसं पुरावा ठरत नाही.

तर, दावा मिटला. तो पाव गुंठा दोन्ही घरांनी सामायिक वाट म्हणून सोडला. अहवाल कुणी तोलला नाही, माझा जबाबही नाही. फायलीत मात्र मी कायमचा ठाम राहिलोय.

गेल्या आठवड्यात त्याच वकीलसाहेबांचा व्हॉट्सअॅप आला. मोडी कागदाचा फोटो, अर्धा अंधारात, आणि खाली, "सर, येवढं वाचून सांगा की." मी लिहिलं, "मूळ कागद घेऊन या. सकाळी दहाच्या आत, उन्हात बघू."