विडीचा सेस गेला, तेव्हा कोण बोललं?

सोलापूरच्या कन्ना चौकात चहा आला आणि विषय निघाला १२ लाखांचा. बँकेतला बंड्या खुशीत होता. "फेब्रुवारी २०२५च्या बजेटात १२ लाखांपर्यंतच्या कमाईवर कर माफ केला, चांगलं झालं. आता ह्या फुकटच्या योजना तेवढ्या बंद करायला पाहिजेत."

अण्णा यंत्रमागवाले. ते भडकलेच. "त्या माफीत सरकारनं १ लाख कोटींवर पाणी सोडलं बे! तुला दिली ती सवलत, अन् 'लाडकी बहीण' योजनेत बाईला महिन्याला १५०० दिले की फुकट व्हय?"

"मी कर भरतो, अण्णा. त्या काय भरतात?"

"साबणापासून चपलेपर्यंत जीएसटी भरतात की!"

मला राहवलं नाही. माझ्या आत्यानं पूर्व भागात चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. १९७६च्या कायद्यानं विडीवर सेस होता, म्हणजे विडी कामगारांच्या कल्याणासाठी वेगळा काढलेला कर. त्यातून विडी कामगारांचे दवाखाने चालायचे, घरांना अनुदान मिळायचं, पोरांना शिष्यवृत्ती मिळायची. आतेभावाची वह्या-पुस्तकं त्याच पैशातनं आली. जुलै २०१७मध्ये जीएसटी आला आणि सेस रद्द झाला. कर सुटसुटीत झाला म्हणून सगळे खूश होते. विडी कामगारांच्या हक्काची थैली गेली, त्याबद्दल ह्या कट्ट्यावरसुद्धा कुणी चकार शब्द काढला नव्हता.

"पण योजना चालू आहेत ना?" बंड्या म्हणाला.

आहेत. फरक एवढाच, की आधी 'आमच्या विडीचा पैसा' म्हणून ठणकावून मागता यायचं. आता बजेटात जे पडेल ते. पेन्शनचं बघा. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ साली १००० रुपये ठरली. दहा वर्षं उलटली तरी आकडा तोच. आत्याला तेवढेच मिळतात, त्यात बीपीच्या गोळ्यासुद्धा महिनाभर पुरत नाहीत.

अपात्र माणसं लाभार्थ्यांच्या यादीतनं काढा, एवढं मलाही पटतं. 'लाडकी बहीण'ला वर्षाला अडीच लाखांच्या उत्पन्नाची अट घातली असेल तर ती पाळलीच पाहिजे. पण आत्याची पेन्शन ही खैरात नाही, ती तिच्या कामातून आलीय.

"वाढवायला पैसा कुठनं आणणार?" बंड्या हटेना.

अण्णांनी कप खाली ठेवला. "सप्टेंबर २०२५ला जीएसटी परिषदेत विडीचा दर २८वरून १८ करायचं ठरलं. दहा टक्के सोडता येतात, तर त्यातला एक टक्का विडी वळणाऱ्या बायकांच्या नावानं बाजूला का काढता येत नाही?"