आठवा गोल

चेल्सीच्या महिला संघाचा सगळ्यात भारी सीझन कोणता, यावरून आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर दोन दिवस कडाक्याचं भांडण झालं. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: 2024-25. लीगमध्ये 22 पैकी एकही मॅच हरले नाहीत, 19 जिंकल्या, तीन बरोबरीत, 60 गुण. वर लीग कप आणि वेम्बलीवर मँचेस्टर युनायटेडला 3-0 ने हरवून एफए कप. इंग्लंडमधल्या तिन्ही मोठ्या स्पर्धा एका वर्षात. कागदावर याच्या पुढे काही नाही, मलाही मान्य आहे.

तरी माझं मत त्याच्या आधीच्या वर्षाला, 2023-24 ला. दोन्ही कप हुकले, युरोपात सेमीफायनलला बाहेर पडले, लीग जिंकली तीही गुण समान होऊन, गोल फरकावर (मारलेले वजा खाल्लेले गोल). ग्रुपवर एवढं सगळं टाइप करायला जमलं नाही म्हणून इथे लिहितेय.

4 नोव्हेंबर 2023 ला बातमी आली की प्रशिक्षक एमा हेज सीझन संपला की चेल्सी सोडणार. 2012 पासून ही बाई तिथे. तिने हा संघ हाती घेतला तेव्हा इंग्लंडची महिला सुपर लीग जेमतेम एक वर्षाची होती. त्या संघाला तिने एवढ्या लीग जिंकायला शिकवल्या की 2020 पासून जेतेपद दुसऱ्या कोणाकडे गेलंच नव्हतं. बातमी आली त्याच दिवशी चेल्सीने ॲस्टन व्हिलाला त्यांच्या मैदानात 6-0 ने हरवलं. प्रशिक्षक जाणार म्हटल्यावर संघ सैरभैर होतो, हे आपण कितीदा तरी पाहिलंय. इथे सहा गोल झाले.

जानेवारीत मुख्य स्ट्रायकर सॅम कर गेली. सरावात गुडघ्याचा लिगामेंट तुटला आणि उरलेला सीझन संपला. चेल्सीचा आख्खा हल्ला वर्षानुवर्षं तिच्याभोवती रचलेला. लॉरेन जेम्सने तो महिना अक्षरशः अंगावर घेतला, मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या 3-1 मध्ये तिन्ही गोल तिचे. मग कोलंबियाची मायरा रामिरेझ आली, त्या वेळी ब्रिटिश क्लबने महिला खेळाडूसाठी मोजलेली ती विक्रमी किंमत होती. "पैसा आहे म्हणून जिंकतात" असं म्हणणाऱ्यांना मी खोटं ठरवणार नाही. पैसा आहेच. मुख्य स्ट्रायकर जायबंदी झाल्यावर त्याच महिन्यात दुसरी विकत घेणं लीगमधल्या बहुतेक क्लबना स्वप्नातही परवडत नाही. पण पैशाने माणसं येतात, त्या माणसांनी एप्रिल-मे मध्ये काय करायचं हे पैसा सांगत नाही.

आणि एप्रिल भयानक होता. खरं तर सुरुवात 31 मार्चलाच झाली. लीग कपची फायनल, आर्सेनलविरुद्ध, ज्यादा वेळेत त्यांच्या स्टिना ब्लॅकस्टेनियसचा गोल, 1-0 ने हरलो. मॅच संपल्यावर हेजने आर्सेनलच्या प्रशिक्षकाला ढकललं. मी तिची भक्त आहे, तरी सांगते, ते चुकलंच तिचं. दोन आठवड्यांनी एफए कपच्या सेमीफायनलला युनायटेडकडून 2-1. मग बार्सिलोनात जाऊन 1-0 ने जिंकले, एरिन कथबर्टचा गोल, मी त्या रात्री झोपलेच नाही. आठवडाभरात घरच्या स्टॅम्फर्ड ब्रिजवर चेल्सीच्या बुकाननला लाल कार्ड आणि 0-2. युरोपही गेलं.

राहिली लीग. 1 मे ला लिव्हरपूलच्या मैदानात चेल्सी 4-3 ने हरली. शेवटी शेवटी 3-3 केलं होतं आणि तरीही इंज्युरी टाइममध्ये गेमा बॉनरने गोल केला. मँचेस्टर सिटी 20 मॅचमध्ये 52 गुण, चेल्सी 19 मध्ये 46. हेज स्वतःच बोलून गेली की जेतेपद आता गेलं. तिला त्यावरून पुष्कळांनी नावं ठेवली. मला नाही ठेवावीशी वाटत. महिनाभरात तिन्ही कप हातातून निसटल्यावर माणूस थकतो.

आता 5 मे.

आधी सिटी आणि आर्सेनल खेळले, सिटीच्या मैदानात. सिटीची जमैकाची खदिजा शॉ, 21 गोलांसह लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारी, दुखापतीमुळे बाहेर बसलेली. तरी लॉरेन हेम्पच्या गोलवर सिटी पुढे होती. शेवटच्या काही मिनिटांत बदली म्हणून उतरलेल्या खेळाडूने दोन गोल मारले, 2-1. ती कोण? ब्लॅकस्टेनियस. जिने पाच आठवड्यांपूर्वी चेल्सीचा लीग कप घेतला, तिनेच लीगचं दार उघडून दिलं.

त्याच दिवशी नंतर चेल्सीची मॅच होती ब्रिस्टल सिटीशी. ब्रिस्टल तळाला, खालच्या विभागात जाणं आधीच ठरलेलं. चेल्सी जिंकली 8-0.

माझं खरं म्हणणं या 8-0 बद्दल आहे. त्या वेळीही वाचलं होतं आणि परवा ग्रुपवर परत तेच: "एवढं कशाला? गेलेल्या टीमला आठ मारून काय मिळवलं? चार-पाचवर थांबायचं, जरा मन मोठं करायचं."

हे "पुरे आता" मी फार लहानपणापासून ऐकलंय. मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी हे गावातले दोन संघ समोरासमोर आले की पेठा रिकाम्या पडतात. अशा गावात शाळेच्या मुलींच्या टीममध्ये मी लेफ्ट विंगला खेळायचे. एका आंतरशालेय मॅचला आम्ही मध्यंतरालाच पाच गोलने पुढे होतो. सर आले आणि म्हणाले, "पुरे आता. त्या पोरींना रडवू नका. पास करत वेळ काढा." आम्ही दुसरा हाफ मागच्या मागे बॉल फिरवत काढला. पलीकडच्या मैदानावर आमच्याच शाळेची मुलं 7-0 ने पुढे होती आणि त्यांचे सर लाइनवरून ओरडत होते, "अजून एक! अजून एक!" आमचे सर माणूस म्हणून चांगलेच होते. पण मैदानात उतरलेल्या मुलींनी आधी समजूतदार असावं आणि मग खेळाडू, हे त्यांच्या मनात इतकं मुरलेलं होतं की त्यात काही वावगं आहे असं त्यांना वाटलंच नाही. आणि समोरच्या मुलींना कसं वाटलं असेल? मला त्यांच्या गोलकीपरचा चेहरा अजून आठवतो. आम्ही मारायचं थांबवलं हे तिला कळलं होतं. ती पाचव्या गोलला रडली नव्हती, तेव्हा रडली.

म्हणून 8-0 बघताना मला ब्रिस्टलची कीव आली नाही, आदर वाटला, दोघींचाही. ब्रिस्टलच्या पोरी व्यावसायिक खेळाडू आहेत. त्यांना पूर्ण ताकदीनिशी हरवणं ही त्यांना खेळाडू मानण्याचीच खूण. पुरुषांच्या लीगमध्ये कोणी कोणाला नऊ मारले तर त्याला विक्रम म्हणतात, आणि बायकांच्या मॅचमध्ये आठ झाले की लगेच सगळ्यांना सहानुभूतीचे उमाळे.

शिवाय हिशेब बघा. 5 मे च्या सकाळी सिटीचा गोल फरक होता अधिक 46, चेल्सीचा अधिक 38. आठचं अंतर. सिटी एकाने हरली, 45 झाले. चेल्सीने आठ मारले, 46 झाले. एका दिवसात आठने मागे असलेला संघ एकने पुढे. जी खेळाडू सहाव्या गोलनंतर जाळ्यातला बॉल काढून मधल्या वर्तुळाकडे धावत नेते, तिच्या डोक्यात क्रूरपणा नसतो, गुणतक्ता असतो.

कोणीतरी म्हणेल, शेवटी चेल्सी सातच्या फरकाने पुढे राहिली, म्हणजे ब्रिस्टलला पाच मारले असते तरी जिंकलेच असते. गणित बरोबर आहे. पण ते 18 मे च्या रात्रीचं गणित झालं, 5 मे ला ते कोणाकडे होतं? आणि पाचवर थांबले असते तर शेवटच्या दिवशी सिटी पुढे असती आणि चेल्सीला पाठलाग करावा लागला असता. आठ मारल्यामुळे उलटं झालं. 15 मे ला टॉटनहॅमशी राहिलेली मॅच जेमतेम 1-0 ने निघाली, जपानच्या मायका हामानोचा गोल. शेवटच्या दिवशी दोघांचे 52-52 गुण आणि चेल्सी दोन गोलने पुढे. धाकधूक सिटीच्या ड्रेसिंग रूममध्ये गेली.

18 मे, ओल्ड ट्रॅफर्ड. समोर मँचेस्टर युनायटेड, सहा दिवसांपूर्वीच टॉटनहॅमला 4-0 ने हरवून एफए कप जिंकलेला संघ. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. आई म्हणाली जेवून घे, मी ताट घेऊन लॅपटॉपसमोर बसले आणि भातावर आमटी वाढेपर्यंत रामिरेझने गोल केलेला. दुसऱ्या मिनिटाला! मध्यंतराला 4-0. रिटिंग कानेरीड, नुस्केन, परत रामिरेझ. दुसऱ्या टॅबवर सिटी-व्हिला चालू होतं, ते मी मध्यंतरानंतर बंदच केलं. पाचवा लॉयपोल्झचा. आणि सहावा फ्रॅन कर्बीचा. कर्बी 2015 पासून चेल्सीत, हृदयाच्या आवरणाला सूज येऊन महिनोन्‌महिने घरी पडून राहिलेली, त्यानंतर गुडघ्याशी झगडलेली, आणि ही तिची चेल्सीसाठीची शेवटची मॅच. बदली म्हणून आली आणि गोल करून गेली. तेव्हा 5-0 होतं. "पुरे आता" म्हणायचं ते हिलाही म्हणायचं होतं का?

सिटी व्हिलाशी 2-1 ने जिंकली. दोघांच्या 18 मॅच जिंकलेल्या, एक बरोबरी, तीन हार. दोघांचे 55 गुण. चेल्सी अधिक 53, सिटी अधिक 46. सलग पाचवं जेतेपद, आणि हेज गेली ती अमेरिकेच्या महिला संघाची प्रशिक्षक होऊन. तीन महिने व्हायच्या आत पॅरिसला तिने त्या संघाला ऑलिंपिक सुवर्ण जिंकून दिलं.

आता ग्रुपवर ज्याची कोणी आठवण काढली नाही ते सांगते. गोल फरकाची वेळ आली तीच मुळात एका गुणामुळे. चेल्सीची त्या सीझनच्या लीगमधली एकमेव बरोबरी आणि सिटीचीही एकमेव बरोबरी ही एकच मॅच आहे. 8 ऑक्टोबर 2023, सिटीच्या मैदानात, सीझनमधली दुसरीच मॅच. क्लोई केलीने सुरुवातीलाच गोल करून सिटीला पुढे नेलं. मग ॲलेक्स ग्रीनवुडला फ्री किकला वेळ लावला म्हणून दुसरं पिवळं कार्ड (फारच कडक निर्णय, मला तेव्हाही पटला नव्हता), नंतर हेम्पही बाहेर. नऊ जणी उरलेल्या सिटीला चेल्सीची गोल घालता घालता दमछाक झाली. शेवटी भरपाईच्या वेळेत गुरो रायटनने बॉल जाळ्यात घातला, 1-1.

त्या रात्री मी चिडून लिहिलं होतं की नऊ जणींशी बरोबरी म्हणजे दोन गुण फुकट घालवले. सगळ्यांनीच तसं लिहिलं. तो गोल झाला नसता तर मे महिन्यात सिटी 57 आणि चेल्सी 54, मग ओल्ड ट्रॅफर्डवर सहा काय सोळा मारले असते तरी उपयोग नव्हता. ऑक्टोबरमधली ती चिडचिड करायला लावणारी, सगळ्यांनी नावं ठेवलेली मॅच, तिच्या शेवटच्या मिनिटाला पन्नासावा क्रॉस टाकावा असं कोणाला तरी वाटलं, आणि कोणाला तरी अजूनही बॉक्समध्ये धावत जावंसं वाटलं.

2024-25 चा संघ मला आवडतोच. हेजनंतर आलेल्या प्रशिक्षक सोनिया बोंपास्तोरने पहिल्याच वर्षी जे केलं ते परत कधी बघायला मिळेल ठाऊक नाही. पण त्या वर्षी मला एकदाही असं वाटलं नाही की आता हे हातचं जाणार. आदल्या वर्षी रोज वाटायचं, आणि रोज त्या परत उभ्या राहायच्या, कधी आठ मारून, कधी एक.

ज्यांना सहा-शून्यवालीच मॅच आठवते त्यांनी ही 8 ऑक्टोबरची कुठे सापडली तर बघा. सगळी नको, शेवटची वीस मिनिटं पुरे. आणि रायटनचा गोल झाल्यावर चेल्सीच्या मुली बॉल उचलून मध्ये कशा धावतात ते बघा, जणू अजून एक मारायला वेळ उरलाय.